पहिलं साउंड मॉड्यूल: एका संगीतशिक्षिकेच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०२२ च्या जूनमध्ये शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून मला फोन आला. फोन करणाऱ्या बाई तिथल्या माध्यमिक शाळेत संगीत शिकवतात. मुलं त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही तसंच म्हणतो, आणि इथेही तेच नाव ठेवतो. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. यंत्रं आणि चुका मात्र घडल्या तशाच मांडल्या आहेत.

बाई वीसेक वर्षं पेटी वाजवतात. भजनाची साथ, शाळेची प्रार्थना, नाट्यगीतं, सगळं त्यांच्या बोटांत आहे. कीबोर्ड म्हणून वेगळं काही त्या कधी शिकल्या नाहीत. कोविडमुळे दोन वर्षं स्नेहसंमेलन झालं नव्हतं, त्यामुळे येत्या जानेवारीत मुलांचं चाळीस मिनिटांचं संगीत नाटक बसवायचं असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पेटी होती आणि गावातला चांगला तबलजीही होता. नव्हता तो व्हायोलिनचा ताफा, समूहस्वर, देवळातल्या घंटा आणि त्यांच्याच शब्दांत ‘खालून वाहत राहणारा एक सूर’.

भाचा होस्टेलला जाताना त्याचा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड त्यांच्याकडे ठेवून गेला होता. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा. या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. तो लॅपटॉपला जोडला तरच वाजतो. घरातला एकुलता एक लॅपटॉप यजमानांच्या कामाचा होता. शिवाय बाईंचा ठाम मुद्दा असा, की प्रयोगाच्या ऐन मध्यावर लॅपटॉप अडकला तर चाळीस मुलं रंगमंचावर ताटकळत उभी राहतील. कुणीतरी त्यांना सांगितलं, “साउंड मॉड्यूल घ्या, कॉम्प्युटर लागत नाही.” साउंड मॉड्यूल म्हणजे बाहेरच्या कीबोर्डने वाजवायचा आवाजांचा डबा. भिशीचे चाळीस हजार रुपये हातात होते.

मी पुण्यात एक छोटी रेकॉर्डिंगची खोली चालवतो. त्याआधी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. माझा नंबर त्यांना त्या तबलजींनी दिला.

अडचण

वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी सहा नावं लिहून ठेवली होती: रोलँड एससी-५५, रोलँड जेव्ही-१०८०, रोलँड इंटेग्रा-७, रोलँड जेयू-०६ए, कॉर्ग व्होल्का एफएम आणि कॉर्ग मिनिलॉग एक्सडी मॉड्यूल. फोनवर सगळी वाचून दाखवली आणि विचारलं, “दादा, यातलं चांगलं कुठलं?”

या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतं, कारण यादीत दोन वेगळ्या जातीची वाद्यं एकाच रांगेत बसली होती. पहिली तीन मॉड्यूलं म्हणजे मुख्यतः रेकॉर्ड करून भरलेल्या आवाजांचा साठा. पियानो, व्हायोलिन, गायकवृंद, घंटा, सगळं आतल्या मेमरीत असतं. क्रमांक निवडायचा आणि वाजवायचं. उरलेल्या तिघांत तसं व्हायोलिन नसतं. तिथे एक कच्ची ध्वनिलहर मिळते आणि नॉब फिरवून तिच्यातून आवाज घडवावा लागतो. एकीकडे मांडणीवर लावून ठेवलेली भांडी, दुसरीकडे कुंभाराचं चाक. दुकानदार दोन्हींना ‘साउंड मॉड्यूल’च म्हणतात आणि त्यात त्यांची चूकही नाही, कारण दोन्हींना पूर्ण आकाराच्या पट्ट्या नसतात आणि दोन्ही मिडीवर चालतात. पण नवीन माणूस नेमका इथेच अडकतो.

दुसरी अडचण बाईंच्या लक्षातच आली नव्हती. मी त्यांना कीबोर्डच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला. मागे फक्त यूएसबीचं एक तोंड होतं, पाच पिनांचं गोल मिडीचं तोंड नव्हतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण या एका गोष्टीपायी पुष्कळांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. मिडी १९८३ साली आलं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकच भाषा मिळवून दिली, आणि त्यासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमीही मिळालं. त्या भाषेची मूळ तार म्हणजे ती पाच पिनांची. एका वाद्याच्या ‘आउट’मधून निघायचं आणि दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये शिरायचं, मध्ये कुणी लागत नाही. यूएसबीचं तसं नाही. यूएसबीवर एकाने मालक व्हावं लागतं, त्याला होस्ट म्हणतात. कॉम्प्युटर होस्ट असतो, कीबोर्ड आणि मॉड्यूल दोघेही त्याचे पाहुणे. पाहुण्याची तार पाहुण्याला जोडली तर दोघेही गप्प बसतात. म्हणजे बाईंनी यादीतलं कुठलंही मॉड्यूल आणलं असतं तरी त्यांचा कीबोर्ड त्याला थेट जोडता आला नसता.

तिसरी अडचण हातांची. तिच्याकडे पुढे येतो.

पर्याय

कॉम्प्युटरच वापरणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता. जुना लॅपटॉप दहा-बारा हजारांत मिळाला असता आणि फुकट मिळणारे आवाजही पुरेसे चांगले असतात. मी तो सुचवला. बाईंनी नको म्हटलं आणि मी ते मानलं. ज्या यंत्राची भीती वाटते त्याच्यासमोर बसून कुणी मोकळेपणी वाजवू शकत नाही.

मॉड्यूलऐवजी सरळ भारतीय आवाज असलेला पूर्ण कीबोर्ड घ्यावा, हा दुसरा पर्याय. ऑर्केस्ट्रातला कुणीही हेच सांगेल. यावर बाई जे बोलल्या ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. “मला तबला आणि तानपुरा यंत्रात नको. तबल्याला माणूस आहे. माझ्याकडे जे नाही तेच विकत आणायचं आहे.” त्या एका वाक्याने ‘इंडियन टोन्स’ मोजत बसण्याची गरज संपली.

मग एससी-५५. हे १९९१ चं मॉड्यूल, त्याच वर्षी आलेल्या जनरल मिडी ठरावाच्या काळातलं. त्या ठरावाने १२८ आवाजांचे क्रमांक पक्के केले. १०५ वर सतार, ११२ वर शहनाई. काही यंत्रं शून्यापासून मोजतात, तिथे तीच सतार १०४ वर सापडते आणि नवीन माणूस गोंधळतो. त्या १२८ मध्ये पेटी नाही, तबला नाही, ढोलकीही नाही. पेटीच्या जवळचं म्हणावं असं २१ व्या क्रमांकावरचं रीड ऑर्गन. बाईंना त्याचा नमुना फोनवर ऐकवला, तर दोन सुरांतच म्हणाल्या, “ही पेटी नाही.” एससी-५५ स्वस्त पडलं असतं, पण त्यात एका वेळी २४ व्हॉइस (म्हणजे ढोबळमानाने एकत्र वाजू शकणारे सूर) आणि आवाजांचा पोत त्या काळातल्या कॉम्प्युटर गाण्यांचा. हातात शंभर रुपये असते तर घ्यावं असं, चाळीस हजार असताना नाही.

इंटेग्रा-७ हे २०१२ चं, १२८ व्हॉइसचं आणि सहा हजारांहून अधिक आवाजांचं. जुनंसुद्धा बजेटच्या कितीतरी वर होतं. ते मी यादीतून काढून टाकलं. मात्र ते काढताना बाईंना वाटलं की सगळ्यात चांगलं हातचं गेलं. तसं नव्हतं हे पटवायला मी थोडा वेळ द्यायला हवा होता.

उरले दोन: १९९४ चं जेव्ही-१०८० आणि २०१९ चं मिनिलॉग एक्सडी मॉड्यूल. बाकीची छोटी मॉड्यूलं मिनिलॉगच्याच बाजूची असल्यामुळे त्या बाजूचं एकच ऐकायचं ठरवलं.

पुण्यातला रविवार

बाई पहाटेच्या एसटीने निघून दहाला स्वारगेटला उतरल्या. माझ्या खोलीत जेव्ही-१०८० आहेच, मिनिलॉगचं मॉड्यूल एका मित्राने दिवसभरासाठी आणून दिलं. माझी एकच अट होती: कंपनीने भरलेली चमकदार उदाहरणं ऐकायची नाहीत. भूप रागातली एक चाल, जी बाई रोज मुलांना शिकवतात, तीच दोन्हीवर वाजवायची.

मिनिलॉगवर बसल्या आणि चेहरा खुलला. प्रत्येक नॉबचं एक काम, फिरवला की लगेच ऐकू येतं. डाव्या हाताने त्यांनी षड्ज-पंचम धरून ठेवला, उजव्या हाताने चाल सुरू केली. तिसऱ्या ओळीला थांबल्या. “दादा, माझा षड्ज कुठे गेला?”

षड्ज खरोखरच गेला होता. त्या मॉड्यूलमध्ये चार व्हॉइस आहेत, म्हणजे एका वेळी चारच सूर. षड्ज आणि पंचमाने दोन घेतले. पेटीवाले सूर एकमेकांत मिसळत वाजवतात, पहिली पट्टी पुरती सुटायच्या आत दुसरी दाबलेली असते, आणि सोडलेला सूरही विरेपर्यंत आपली जागा अडवून बसतो. पाचवा सूर आला की यंत्र धरून ठेवलेल्या सुरांपैकी एक काढून घेतं. पेटीवर वीस वर्षं काढलेल्या कानाला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

जेव्ही-१०८० वर ६४ व्हॉइस. हा आकडाही जसाच्या तसा धरू नये. तिथला एक पॅच, म्हणजे साठवलेला एक तयार आवाज, चार टोनपर्यंत (मूळ आवाजांचे थर) एकावर एक रचलेला असतो, आणि तसा पॅच निवडला की एका पट्टीमागे चार व्हॉइस खर्ची पडतात. म्हणजे ६४ चे सोळा सूर उरतात. तेवढे पेटीवाल्याला पुरून उरतात. बाईंनी व्हायोलिनचा ताफा लावला, तोच षड्ज-पंचम धरला आणि पूर्ण चाल वाजवली. काही तुटलं नाही.

पण चेहरा मघासारखा खुलला नाही. आवाजात बदल करायचा म्हटलं की छोट्या पडद्यावर पानामागून पान उलटत जावं लागतं. आवाज उजळ करण्याची जागा शोधून द्यायला मला स्वतःला मिनिटभर लागलं. बाई म्हणाल्या, “हे वाजवायला चांगलं आहे. ते खेळायला चांगलं आहे.”

त्या दिवसाचा निर्णय याच वाक्यावर झाला. जानेवारीत नाटक होतं, म्हणजे सहा महिन्यांत वाजवणं भाग होतं. जेव्ही-१०८० ठरलं.

खरेदी आणि जोडणी

माझं मॉड्यूल विकायचं नव्हतं, म्हणून जुन्या बाजारात शोध घेतला. ऑगस्टमध्ये एका विक्रेत्याकडे २७,००० रुपयांना एक मिळालं. त्याने समोरच्या बाजूचे चार फोटो पाठवले. मागच्या बाजूचा फोटो आम्ही मागितला नाही. पार्सल माझ्याकडे आलं, उघडलं, उलटं केलं, तर विजेच्या तोंडाशेजारी छापलेलं: १०० व्होल्ट. जपानात विकण्यासाठी बनलेलं यंत्र. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “थेट लावा, सगळे तसंच लावतात.”

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. दुपटीहून जास्त दाब. थेट लावलं असतं तर पॉवर सप्लाय त्याच क्षणी जळाला असता आणि बाईंची भिशी त्याच्याबरोबर गेली असती. पार्सल पुण्याला मागवलं होतं म्हणून वाचलो, गावाला थेट गेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे तयार मिळतात ते बहुतेक ११० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर, अमेरिकन वस्तूंसाठीचे. शंभर व्होल्टचा मुद्दाम मागून घेतला, मॉड्यूलच्या लेबलावर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा. १,८०० रुपये. मीटर लावून शंभर व्होल्ट बघितले, मगच मॉड्यूलची वायर त्यात घातली.

कीबोर्डच्या अडचणीवर यूएसबी होस्टची छोटी डबी आणली. तिच्या एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला पाच पिनांची मिडी तोंडं. ती कीबोर्डची मालक होते, त्याला वीजही पुरवते आणि त्याचं बोलणं जुन्या तारेवर चढवते. ५,२०० रुपये. तारा १,४०० च्या. एकूण हिशेब ३५,४०० वर थांबला.

ती डबी लावून पहिला सूर वाजला तेव्हाचा आनंद मला नीट सांगता येत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आणि १९९४ चं मॉड्यूल यांच्यात तेवीस-चोवीस वर्षांचं अंतर, आणि दोघं पहिल्याच प्रयत्नात एकमेकांचं ऐकत होती.

गावी गेल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. मॉड्यूलला स्पीकर नसतो, ते शाळेच्या अँप्लिफायरला लावायचं होतं. शिपाईकाकांनी ते माइकच्या तोंडात लावलं आणि सगळा आवाज फाटला. माइकचा सिग्नल अगदी नाजूक असतो, मॉड्यूलचा त्याच्या कितीतरी पट जोरदार. फोनवरून मी ऑक्झिलरीचं, म्हणजे अशा जोरदार सिग्नलसाठीचं, तोंड शोधायला सांगितलं, डावीकडच्या ‘मोनो’ लिहिलेल्या आउटपुटमधून एकच तार न्यायला सांगितली. आवाज स्वच्छ आला.

भाता

आता हातांची अडचण. सप्टेंबरमध्ये बाईंचा फोन आला, आवाज पडलेला. “सगळं जुळलं, पण माझ्या हातून व्हायोलिन वाजतच नाही. एक सूर ओरडतो, एक दबतो.”

मी शनिवारी गावी गेलो. शाळेच्या संगीताच्या खोलीत खिडकीजवळच्या बाकावर कीबोर्ड, खाली जमिनीवर मॉड्यूल. बाई वाजवू लागल्या आणि मी फक्त त्यांचे हात बघत राहिलो. उजवा हात उत्तम चालत होता. डावा हात मात्र कीबोर्डच्या कडेला टेकून, मागे-पुढे, मागे-पुढे, अगदी थोडासा हलत होता. तो भाता शोधत होता.

पेटीवर पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, सुराला फरक पडत नाही. सुराचा जोर ठरतो भात्याने, डाव्या हाताने. मिडी कीबोर्ड उलट वागतो. पट्टी किती वेगाने खाली गेली ते तो १ ते १२७ मध्ये मोजतो आणि तो आकडा आवाजाचा जोर म्हणून पुढे पाठवतो. बाईंचा अंगठा जड पडतो, अनामिका हलकी. वीस वर्षं त्याने काही बिघडलं नव्हतं. आता प्रत्येक सूर वेगळ्या जोराने उठत होता.

मी दोन गोष्टी केल्या. कीबोर्डची वेग मोजण्याची सोय बंद करून प्रत्येक सुराला १०० चा स्थिर आकडा लावला. मग कीबोर्डवरचा एक उभा स्लायडर एक्स्प्रेशनला जोडला. मिडीत प्रत्येक नियंत्रणाला क्रमांक असतो. ७ म्हणजे आवाजाची मूळ पातळी, ११ म्हणजे त्या पातळीच्या आतला चढउतार. स्लायडर मुळात ७ पाठवत होता, तो ११ केला, म्हणजे ठरवून ठेवलेली पातळी जागेवर राहून श्वासासारखा चढउतार तेवढा हातात येतो. एवढ्यासाठी यजमानांचा लॅपटॉप दहा मिनिटं लागला, पुन्हा कधी लागला नाही.

बाईंनी डावा हात स्लायडरवर ठेवला. हळूच वर सरकवला, सूर फुलला. खाली आणला, सूर मिटला. मग भूपातली तीच चाल वाजवली, आणि व्हायोलिनच्या ताफ्याने त्या खोलीत प्रथमच श्वास घेतला. बाई काही बोलल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

पियानो शिकवणारे लोक म्हणतील की बोटांचा जोर शिकायलाच हवा होता, वेगाची सोय बंद करणं म्हणजे पळवाट. मी बराच विचार केला आहे आणि मला ते मान्य नाही. त्या हातांत सुराचा जोर आधीच होता, तो फक्त डावीकडे होता. मॉड्यूलला तो कुठून येतो याने काही फरक पडत नाही.

स्नेहसंमेलन

नाटकासाठी अकरा आवाज लागले. ते आम्ही मॉड्यूलच्या वापरकर्त्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागांत नाटकातल्या क्रमानेच भरले, ००१ ते ०११. म्हणजे प्रवेश बदलला की गोल बटण एक घर पुढे, बाकी काही शोधायचं नाही. शिवाय बाईंनी सवयीने सगळं वहीत उतरवलं. डावीकडे सरगम, उजवीकडे मूळ पॅचचा क्रमांक, त्यात काय बदल केला आणि स्लायडर कुठून सुरू करायचा. स्लायडरच्या शेजारी त्यांनी पांढऱ्या शाईने चार रेघा ओढून घेतल्या होत्या.

२०२३ च्या जानेवारीत नाटक झालं. चाळीस मिनिटांत एकदाच चूक झाली, सहाव्या प्रवेशात बटण दोन घरं पुढे गेलं आणि देवळाच्या घंटांऐवजी गायकवृंद आला. प्रेक्षकांत कुणाला कळलं नाही. तबलजींना कळलं, आणि त्यांनी लगेच ठेका हलका केला.

त्यानंतर

मे महिन्यात मॉड्यूल बंद राहिलं. जूनमध्ये सुरू केल्यावर पडद्यावर बॅटरी संपल्याची सूचना आली आणि ते अकरा आवाज विस्कटलेले निघाले. अशा जुन्या मॉड्यूलमध्ये वापरकर्त्याने साठवलेलं सगळं एका नाण्याएवढ्या लिथियम बॅटरीवर तगून असतं. कायमचे आवाज सुरक्षित असतात, आपले जातात. वही होती म्हणून बाईंनी नवी बॅटरी बसवून घेऊन एका दुपारी सगळं पुन्हा भरलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या मित्राने ते मिनिलॉगचं मॉड्यूल विकायला काढलं. मी बाईंना सहज सांगितलं. त्यांनी ते २८,००० ला घेतलं, आणि मला आधी आश्चर्य वाटलं. चार व्हॉइस त्यांना पुरत नव्हते ना?

चालीला पुरत नव्हते. पण ‘खालून वाहत राहणारा एक सूर’ हवा होता तो अजून मिळालेला नव्हता, आणि त्याला सा, प आणि वरचा सा, तीनच व्हॉइस लागतात. बाईंनी करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडली, जिच्यात मूळ सुराबरोबर त्याचे सगळे स्वयंभू स्वर, म्हणजे त्याच सुरातून आपोआप उमटणारे वरचे स्वर, असतात. फिल्टर म्हणजे आवाजातला वरचा भाग गाळणारी चाळणी. तो कुठून गाळायचं ते कटऑफ ठरवतो, आणि त्या जागेवरचा स्वर किती उठवायचा ते रेझोनन्स. बाईंनी रेझोनन्स बराच वर ठेवला आणि कटऑफचा नॉब अगदी सावकाश उघडत नेला. फिल्टर जिथे पोचतो तिथला स्वर उठून दिसतो, म्हणून एकामागून एक स्वर त्या स्थिर षड्जातून वर येऊ लागले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ही तर जवारी.” तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवताना जे होतं तेच त्यांना त्या नॉबमध्ये ऐकू आलं होतं. मी तीस वर्षं हे नॉब फिरवतो आहे, मला तो शब्द सुचला नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

मागच्या बाजूचा फोटो. कीबोर्डचा मी पहिल्याच दिवशी मागितला आणि मॉड्यूलचा मागायला विसरलो. पैसे देण्याआधी व्होल्टचं लेबल वाचता येईल असा फोटो हवाच, आणि पार्सल उघडताना जवळ मीटर असलेलं माणूस हवं.

बॅटरी मी ऑगस्टमध्येच बदलायला हवी होती. जुनं यंत्र आलं की आधी बॅटरी, मग आवाज साठवणं. बदलण्याआधी त्यात काही महत्त्वाचं असेल तर ते मिडीवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं, तीही सोय असते.

तिसरी गोष्ट जास्त बोचते. पुण्यातल्या त्या रविवारी मी बाईंचे कान तपासले, हात तपासले नाहीत. त्या माझ्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर, माझ्या सेटिंगवर वाजवत होत्या. स्वतःचा कीबोर्ड बरोबर आणायला सांगितला असता तर भात्याचा प्रश्न त्याच दिवशी समोर आला असता आणि सप्टेंबरचे ते निराशेचे आठवडे टळले असते.

मिनिलॉग आधी घ्यायला हवं होतं का, यावर बाईंचं आणि माझं एकमत नाही. त्या म्हणतात, आधी घेतलं असतं तर सूर घडवायची गोडी वर्षभर आधी लागली असती. मला वाटतं, हरवलेल्या षड्जाने त्यांनी महिनाभरात ते कपाटात ठेवलं असतं आणि नाटक पेटीवरच झालं असतं.

सध्या आम्ही दोघं एका वेगळ्याच कामात आहोत. शाळेची भूपातली प्रार्थना काळी चारात, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, होते. मुलं त्या घडवलेल्या षड्ज-पंचमावर गाऊ लागली तेव्हा त्यांचा गांधार व्हायोलिनच्या गांधाराशी भांडू लागला. मुलांचं बरोबर आहे. स्वयंभू गांधार कीबोर्डच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं). जेव्ही-१०८० मध्ये स्केल ट्यूनची सोय आहे, तिथे बारा स्वरांपैकी प्रत्येक वेगळा वर-खाली करता येतो. काळी चारचा गांधार म्हणजे पांढरी एक, ती आम्ही १४ ने उतरवली. व्हायोलिन मुलांशी जुळलं, पण पेटी तर बदलत नाही, ती आता दोघांशी भांडते. गेल्या आठवड्यापासून बाईंनी त्या एका प्रार्थनेपुरती पेटी मिटून ठेवली आहे, आणि धैवताचं काय करायचं ते पुढच्या शनिवारी बसून ऐकायचं आहे.